भुर्ता, ठेचा, साल्सा: नगरच्या आगटीत भाजलेला इतिहास

मार्गशीर्ष-पौषात ज्वारीची कणसं दुधात आली की नगर जिल्ह्यात शेताच्या बांधावर आगटी पेटते. वीतभर खड्डा, त्यात गोवऱ्या, धूर ओसरून निखारा लाल झाला की त्यात कणसं खोचायची आणि गरम गरम हातावर चोळून हुरडा काढायचा. हुरड्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते आगटीच्या कडेला राखेत सारलेल्या बाकीच्या वस्तूंबद्दल. एखादं मोठं वांगं, मूठभर हिरव्या मिरच्या, दोन-चार टोमॅटो, न सोललेला कांदा, लसणाचा अख्खा गड्डा. हे सगळं वरून पार काळं होईस्तोवर भाजायचं, साल काढायची आणि मीठ घालून दगडावर ठेचायचं. वरून कोथिंबीर आणि लिंबू.

आमच्या घरात याला भुर्ता म्हणतात, शेजारी भरीत म्हणतात. वांगं वगळलं तर ठेचा, किंवा भाजल्या टोमॅटोची चटणी. हल्ली पुण्या-मुंबईच्या गच्चीवर कोळशाच्या ग्रिलवर हेच होतं आणि त्याला ‘फायर रोस्टेड साल्सा’ असं नाव असतं. नावाला माझी हरकत नाही. मेक्सिकोतला माणूस आमच्या आगटीपाशी येऊन बसला तर त्याला काही समजावून सांगावं लागणार नाही. तो स्वतःच हात पुढे करून मिरच्या उलटवायला लागेल.

माझी हरकत दुसऱ्याच एका प्रश्नाला आहे. पुण्यात भाड्याचं घर शोधत होतो तेव्हा एका घरमालकांनी नाव ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला तो स्वयंपाकघराचा. पगार, नोकरी नंतर. मी म्हटलं, रोजचं म्हणाल तर भाकरी, भुर्ता, आमटी. त्यांना ते खोटं वाटलं. ‘तुमच्यात भरीत करतात?’ असं त्यांनी हसून विचारलं आणि घर काही मिळालं नाही. असा अनुभव माझ्या वाचकांपैकी बऱ्याच जणांना असेल, त्यामुळे त्याचं रडगाणं गात नाही. पण ‘तुमच्यात भरीत करतात का’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला बसलं की बगदादपासून मेक्सिकोपर्यंत फिरून यावं लागतं, आणि त्या वाटेवर आमचं नगर दोनदा-तीनदा लागतं. म्हणून हा खटाटोप.

वांग्यापासून सुरुवात करू, कारण या टोपलीतलं ते सगळ्यात घरचं. वांगं हे हिंदुस्थानच्या मातीतलं. संस्कृतात त्याला वातिङ्गण असंही म्हणत. ते इराणात गेलं आणि बादिंगान झालं, अरबांनी त्याचं बादिंजान केलं. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न सय्यार अल-वर्राकनं पाककृतींचं जे पुस्तक लिहिलं त्यात वांग्याचे पदार्थ आहेत. खलिफा मामूनची बेगम बूरान हिच्या नावावरून तळलेल्या वांग्याच्या पदार्थाला ‘बूरानिया’ म्हणू लागले. हकीम मंडळी मात्र वांग्यावर रागावलेली होती. त्यानं अंगात काळं पित्त वाढतं, माणूस उदास होतो, असं इब्न सिनासारख्यांचं मत. आपल्याकडे म्हातारी माणसं वांगं वातूळ म्हणतात, त्यातलाच प्रकार. वैद्य आणि हकीम दोघांनी नावं ठेवली आणि दोघांचेही रुग्ण वांगं खात राहिले.

अरबांबरोबर वांगं स्पेनला, म्हणजे अंदलुसला पोचलं. बेरेंखेना हे त्याचं स्पॅनिश नाव अरबीतून आलेलं, पोर्तुगीज बेरिंजेलाही तिथलंच. आणि हाच पोर्तुगीज शब्द पुढे आपल्या किनाऱ्यावर उतरून इंग्रजांच्या तोंडी ‘ब्रिंजल’ झाला. म्हणजे शाळेत जो शब्द आपण इंग्रजी म्हणून पाठ केला तो इथूनच निघून इराण, अरबस्तान, स्पेन, पोर्तुगाल करत परत आलेला. बूरानियाचंही तसंच. स्पेनमध्ये आजही ‘अल्बोरोनिया’ नावाची वांग्याची भाजी आहे. बगदादची बेगम तिथल्या कढईत अजून नांदते आहे, हे खाणाऱ्यांना ठाऊक असो वा नसो.

पण स्पेनमध्ये वांग्याला एक डागही लागला. ती मुसलमानांची आणि यहुद्यांची भाजी समजली जाई. सर्व्हान्टीसच्या ‘दोन किहोते’ या प्रसिद्ध कादंबरीत मूळ कथा लिहिणारा म्हणून एक अरब इतिहासकार कल्पिला आहे, सीदे हामेते बेनेन्खेली. अडाणी सांचोच्या तोंडून त्या नावाचं ‘बेरेंखेना’ होतं, आणि वर तो म्हणतो, मूर लोकांना वांगी आवडतात असं ऐकलंय. सतराव्या शतकातला हा विनोद वाचून त्या काळचा स्पॅनिश वाचक हसला असेल. त्याच देशात इन्क्विझिशनच्या धर्मन्यायालयापुढे मोलकरणी आणि शेजारी साक्ष देत की अमुक घरात शुक्रवारी वांग्याची भाजी करून ठेवतात आणि शनिवारी गार खातात, म्हणजे बाटून ख्रिस्ती झाले तरी आतून यहुदीच आहेत. भांड्यावरचं झाकण उचलून आतल्या माणसाचा धर्म पाहायचा, ही रीत काही आजची नव्हे.

आता सनावळी बघा. १४९० मध्ये मलिक अहमदनं बहमनी सत्तेपासून वेगळं होऊन निजामशाहीची सुरुवात केली. तोवर त्याचा मुक्काम जुन्नरला होता. १४९४ मध्ये त्यानं सीना नदीकाठी अहमदनगर वसवायला घेतलं. याच दोन सालांच्या मधोमध १४९२ येतं. त्या वर्षी जानेवारीत ग्रॅनाडा पडलं आणि अंदलुसमधलं शेवटचं मुस्लिम राज्य संपलं. त्याच वर्षी स्पेननं यहुद्यांना देश सोडायला लावला. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कोलंबस त्या बेटांवर उतरला जिथे मिरची होती.

स्पेन सोडून पोर्तुगालमध्ये गेलेल्या यहुदी कुटुंबांपैकी एकाचं नाव दा ओर्ता. पुढे पाचच वर्षांत, १४९७ मध्ये, पोर्तुगालनंही या लोकांना सक्तीनं ख्रिस्ती केलं. या घरात गार्सिया दा ओर्ता जन्मला, वैद्यकी शिकला आणि १५३४ मध्ये गोव्याला आला. नगरच्या वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावं असं मला फार वाटतं. कारण हा माणूस बुऱ्हाण निजामशहाचा हकीम होता. नगरच्या दरबारात त्याचं येणं-जाणं होतं. बुऱ्हाणशहाकडून आपण रोगांची आणि औषधांची अरबी नावं शिकलो आणि त्याला लॅटिन नावं शिकवली, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. जरा डोळ्यांपुढे आणा. एक बाटवलेला यहुदी आणि एक दख्खनी सुलतान समोरासमोर बसून एकमेकांना शब्द शिकवताहेत. ओर्तानं आयुष्यभराची माहिती ‘कोलोकियोस’ या संवादरूपी ग्रंथात आणली. तो १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. हिंदुस्थानात छापलेल्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक. हिंग, वेलची, आंबा, फणस, सगळं त्यात आहे.

१५६८ मध्ये ओर्ता गेला. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालेलं होतं. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, आतून यहुदी असल्याच्या आरोपावरून जिवंत जाळलं. १५८० मध्ये ओर्ताची हाडं कबरीतून उकरून काढून तीही जाळली. नगरच्या सुलतानानं ज्याला मानानं बोलावलं त्याच्या हाडांना गोव्यात जागा मिळाली नाही. मी ओर्ताबद्दल शाळेत एक अक्षर वाचलं नव्हतं. तुम्हीही वाचलं नसेल.

हे पोर्तुगीज आपल्याकडे आले ते गोव्यापुरते राहिले नाहीत. निजामशाहीचं मुख्य बंदर होतं चौल, आजच्या रायगड जिल्ह्यातलं, रेवदंड्याच्या शेजारचं. १५२१ मध्ये बुऱ्हाणशहाच्या परवानगीनं पोर्तुगिजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला. अरबी घोडे चौलला उतरत आणि घाट चढून नगरकडे येत. मिरची हिंदुस्थानात आली ती पश्चिम किनाऱ्यावरच्या अशाच पोर्तुगीज बंदरांमधून. घोडा बंदरात उतरला तर त्याची नोंद होते, जकात होते, बखरीत नाव येतं. मिरचीचं बी खलाशाच्या गाठोड्यातून उतरतं, कुणाच्या तरी परसात पडतं आणि दोन पिढ्यांत ते आजीच्या आजीचं होऊन बसतं.

मिरचीच्या आधी आपले लोक तिखट खात नव्हते असं नाही. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात लिहिलेला ‘मानसोल्लास’, मांडूच्या सुलतानांच्या दरबारात १५०० च्या आसपास तयार झालेला ‘निमतनामा’ आणि अकबराच्या काळातली ‘आईन-ए-अकबरी’, या तिन्हींत स्वयंपाकाची रेलचेल आहे, पण मिरची कुठेच नाही. तिखटपणा सगळा मिरी, आलं, पिंपळी यांचा. ‘आईन’मध्ये बादिंजानची कृती दिली आहे: वांगी, तूप, कांदा, आलं, लिंबाचा रस, मिरी, धणे, लवंग, वेलची, हिंग. वाचून तोंडाला पाणी सुटतं, पण नगरकर ती खाऊन शेवटी विचारणारच, मिरची कुठंय? आणि मिरी महाग होती. राजाच्या भटारखान्यात ती ओंजळीनं पडायची, शेतकऱ्याच्या घरात मोजून. मिरचीनं ही गोष्ट उलटी केली. चार रोपं परसात लावली की वर्षाचं तिखट झालं. अमुक एक सुलतानाची किंवा राजाची कृपा म्हणून ती पसरली नाही. गरिबाला परवडली म्हणून पसरली. आपल्या भाषेनं तिला नवं नावही दिलं नाही, मिरीवरून मिरची केली आणि घरात घेतलं.

भाजलेल्या मिरचीला ठेचून मिठाबरोबर खाणं ही कल्पना मात्र तिच्या माहेरची आहे. मेक्सिकोच्या अझ्टेक लोकांच्या बाजारात तयार रस्से आणि चटण्या विकणाऱ्या बायका बसत. कोणत्या मिरचीचं, कोणत्या टोमॅटोचं, भोपळ्याच्या बिया घातलेलं, अशी त्यांच्या मालाची वर्णनं फ्रान्सिस्कन पंथाच्या साहागून या पाद्र्यानं तिथल्याच लोकांकडून विचारून लिहून ठेवली आहेत. त्यांचा खल तीन पायांचा, खडबडीत काळ्या ज्वालामुखीच्या दगडाचा. स्पॅनिशात त्याला ‘मोल्काखेते’ म्हणतात, शब्द मूळचा त्यांच्या नाहुआत्ल भाषेतला. चिली, टोमॅटो, चॉकलेट, अवोकाडो हे शब्दही त्याच भाषेतून जगभर गेले. साल्सा हा शब्द मात्र स्पॅनिश, लॅटिनमधल्या ‘खारवलेलं’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला. आपल्याकडे आजारी माणसाच्या तोंडाला चव यावी म्हणून जी मीठ-मिरची देतात, तिचं नावही मिठापासूनच सुरू होतं.

१५७१ मध्ये मेक्सिको शहरात मोलिना नावाच्या पाद्र्यानं नाहुआत्ल आणि स्पॅनिश भाषांचा मोठा कोश छापला. त्याच साली इकडे मुर्तजा निजामशहाच्या फौजेनं चौलला वेढा घातलेला होता आणि आदिलशाही फौज गोव्याला भिडली होती. पोर्तुगिजांना समुद्रात ढकलायचा दख्खनचा हा मोठा प्रयत्न. महिनोन्‌महिने तोफा चालल्या आणि दोन्ही वेढे उठवावे लागले. त्या वेढ्यातल्या एखाद्या शिपायानं शत्रूच्या परसातली लाल शेंग चाखली असेल का, हा विचार मला नेहमी येतो. तो इतिहास नव्हे, माझी करमणूक आहे, तेव्हा तिथेच सोडतो.

साल्साची दुसरी बाजू सांगायची राहिली. मेक्सिकन साल्सात टोमॅटो आणि मिरची त्यांची. पण कांदा, लसूण, कोथिंबीर, लिंबू? हे चारही जिन्नस जहाजातून तिकडे गेलेले. कांदा-लसूण जुन्या जगातले. कोथिंबीर भूमध्य समुद्राच्या आसपासची, अंदलुसच्या मुस्लिम स्वयंपाकात तिचा मारा असे. लिंबू आपल्या बाजूचं. ते अरबांनी पश्चिमेला नेलं. निंबू, लीमू, लैमून, लिमोन, असा त्याच्या नावाचा प्रवास तुम्ही बोटानं नकाशावर काढू शकता. म्हणजे साल्सामधला आंबटपणा आणि हिरवा वास आपल्या अंगणातून गेला, आणि ठेच्यातला जाळ त्यांच्या अंगणातून आला. शेंगदाणा घालून कुटलेला ठेचा असेल तर तोही तिकडचाच, भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. उपासाच्या साबुदाण्याचं मूळ तिकडच्या कसाव्याच्या कंदात आणि बटाटाही तिकडचा, हे जाता जाता सांगून टाकतो, म्हणजे कुणी ‘परदेशी’ या शब्दावर भांडायला आलं तर एकादशीच्या ताटापासून सुरुवात करता येईल.

टोमॅटो आपल्याकडे सगळ्यात उशिरा रुळला. इंग्रजी अमदानीत तो साहेबांच्या बागेतून बाहेर आला. लोकांना तो वांग्याचाच कुणी भाऊबंद वाटला. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ते बरोबरही आहे, दोघं एकाच कुळातले. म्हणून जुन्या मराठीत त्याला बेलवांगी म्हणत. विदर्भात अजून भेदरं म्हणतात. आज आमच्या जिल्ह्यात संगमनेर-अकोल्याकडे टोमॅटोचे मांडव दिसतात, आणि शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावचा टोमॅटो बाजार राज्यभर प्रसिद्ध आहे. जिथून मलिक अहमदनं निजामशाही सुरू केली तोच हा जुन्नरचा मुलूख. भाव पडला की हाच टोमॅटो क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतलेला आपण पाहतो. २०२३ च्या जुलैत तो शंभराच्या वर गेला होता, तेव्हा भुर्त्यात चिंच घालून दिवस काढले.

आता परत त्या घरमालकांच्या प्रश्नाकडे. महाराष्ट्रात भाजीपाल्याच्या बाजारात बागवान हा समाज पिढ्यान्‌पिढ्या आहे. धर्मानं मुसलमान, बोली घरात दख्खनी आणि गाड्यावर मराठी. बागवान म्हणजे फारसीत माळी, बाग राखणारा. नगर असो, सोलापूर असो, कराड असो, वांगं शेतातून तुमच्या पिशवीत येतं त्या वाटेवर कुठेतरी एखाद्या बागवानाचा हात लागतो. ज्या तराजूत ते तोललं जातं तो तराजू शब्द फारसी. ज्या बाजारात तोललं जातं तो बाजार फारसी. मिरची भाजायचा तवा फारसी. शेतकरी ज्वारी रब्बीची म्हणतो आणि बाजरी खरिपाची, हे दोन्ही शब्द अरबी, वसंत आणि शरद या अर्थाचे. जमीन जिराईत की बागाईत, हेही तिथूनच आलेलं. निजामशाहीत मलिक अंबरनं जमीन मोजून, तिचा कस बघून सारा ठरवला, तेव्हापासूनची ही भाषा शेतकऱ्याच्या तोंडी मुरलेली आहे. जन्मानं हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस १६२६ मध्ये वारला, तोवर त्यानं मोगलांना दख्खनमध्ये सुखानं झोपू दिलं नाही.

जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे. अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी आमच्याच जामखेड तालुक्यातलं, आणि त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस मला इकडे भेटलेला नाही. पण नवी पाटी लागली म्हणून खाली पुरलेले खापरी नळ उकरून निघत नाहीत. निजामशाहीच्या काळात डोंगरातलं पाणी याच नळांमधून शहरात आणि बागांमध्ये खेळवलं होतं. फराह बागेतल्या महालाभोवती मोठा तलाव होता, तो आता कोरडा आहे. १५३७ च्या सुमारास बुऱ्हाणशहानं बारा इमाम कोठला बांधला, तिथे गोरगरिबांसाठी लंगर चाले. नगरचा मोहरम आजही या कोठल्याच्या सवारीवाचून होत नाही, आणि तिला खांदा लावणाऱ्या हातांची नावं विचारली तर निम्मी हिंदू निघतील.

भरताची गोष्टही अशीच सरमिसळीची आहे. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं वर्ज्य करणारी घरं आहेत. त्याआधी आषाढात कांदेनवमीला ती मनसोक्त खाऊन घेतात. मग मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला नैवेद्य दाखवतात तो कशाचा? वांग्याच्या भरिताचा आणि बाजरीच्या रोडग्याचा. खंडोबाला मानणारे मुसलमान आहेत, त्याला मल्लूखान म्हणणारेही आहेत. आमच्या गल्लीत चंपाषष्ठीला दोन घरांतून भरीत-रोडगा यायचा आणि दादी तो खाऊन हमखास म्हणायची, ‘मिरची कम पडी.’ रमजानात सहरीला आमच्याकडे ज्वारीची भाकरी आणि भुर्ता असे, कारण दिवसभर पोटाला आधार राहतो. बिर्याणी असायची ती लग्नात.

खानदेशात या पदार्थाचा थाट वेगळाच. जळगावची भरताची वांगी पांढरट हिरवी, हातभर मोठी, बिया कमी. २०१६ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. ती तुराट्या-पराट्यांच्या जाळावर भाजतात, आणि मिरची-लसूण लाकडी बडगीत कुटतात. खानदेशी माणूस नगरच्या भरिताला भरीत मानत नाही. त्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. वांगं तुराटीच्या जाळावर जसं भाजलं जातं तसं कशावरच नाही.

तरीही आमची रीत सांगतो, गच्चीवरच्या ग्रिलसाठी ती बरी पडते. कोळसा धगधगता नको, वर राखेची साय आली पाहिजे. वांग्याला सुरीनं दोन-चार टोचे द्या, नाहीतर आतल्या वाफेनं ते फुटतं आणि गर निखाऱ्यावर सांडतो. तेल लावू नका, धूर तेलकट होतो. साल जळते तेव्हा आतलं पाणी तापून वांगं स्वतःच्याच वाफेत शिजत असतं, म्हणून घाई करून काही मिळत नाही. देठापाशी दाबून बघा, तिथे मऊ लागलं तरच झालं. टोमॅटो देठाची बाजू खाली करून ठेवा. कांदा सालीसकट अर्धा चिरून चिरलेली बाजू जाळीवर. लसणाचा गड्डा कडेला, मिरच्या सगळ्यात शेवटी, कारण त्या दोन मिनिटांत होतात आणि जळाल्या की घरभर ठसका.

मग सगळं एका पातेल्यात घालून झाकण ठेवा. दहा मिनिटांत साल आपोआप सुटते. ती हातानं काढायची, पाण्याखाली धुवायची नाही. धुतलं की ज्यासाठी एवढा जाळ केला तो वास मोरीत गेला. काळे ठिपके थोडे राहिले तर राहू द्या.

खलात आधी मीठ, लसूण आणि मिरची. मीठ खरखरीत असेल तर तेच निम्मं काम करतं. मग कांदा, मग टोमॅटो, त्याचं पाणी वेगळं ठेवून लागेल तसं घाला. इथे थांबलात आणि लिंबू-कोथिंबीर घातलीत तर तो साल्सा. वांगं घालून लाकडी चमच्यानं घोटलंत आणि वरून कच्चं करडईचं तेल सोडलंत तर तो भुर्ता. मिक्सरमध्ये मात्र काही घालू नका. त्याचं पीठ होतं आणि टोमॅटोला फेस येतो. दादीचा पाटा आता माझ्या बहिणीकडे आहे, त्यामुळे मी हमामदस्ता वापरतो. तो लोखंडी आहे, आंबट त्यात फार वेळ राहिलं तर काळं पडतं, म्हणून टोमॅटो कुटून झाला की लगेच वाडग्यात काढून घ्यावा.